पाय टेकतो तेव्हा

(दृश्य : व्हॉलीबॉलचं कोर्ट, मंद गतीत)

ही उडी पुन्हा एकदा पाहू. नेटपाशी ती उंच उडाली, चेंडू पलीकडे मारला आणि आता खाली येतेय. आसपास कोणी नाही, कोणाचा धक्का लागलेला नाही. उजवा पाय टेकला. गुडघा जवळजवळ ताठ. आणि आता बघा, तो हळूच आत, डाव्या गुडघ्याच्या दिशेनं झुकतोय.

इथे थांबवूया.

या वेळी ती वाचली. पण गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटतो, तो बरेचदा असाच. जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा हा पट्टा नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही. तो तुटला आणि ऑपरेशन करावं लागलं, तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं. खेळात झालेल्या अशा दुखापतींपैकी बहुतेक वेळा समोरच्याची थेट टक्कर झालेलीच नसते. खेळाडू उडीवरून उतरत असतो, धावता धावता एकदम थांबत असतो किंवा झटकन दिशा बदलत असतो.

अशा अपघातांचं चित्रीकरण अभ्यासकांनी फ्रेम न् फ्रेम तपासलं. पाय टेकल्यापासून सुमारे 40 मिलिसेकंदांत लिगामेंट तुटतो, असं त्यात दिसलं. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. म्हणूनच मैदानाबाहेरून "जपून खेळ गं" असं कितीही कळकळीनं सांगितलं, तरी त्या क्षणी तिच्या हातात काही उरलेलं नसतं. गुडघा कसा वाकवायचा, हे शरीराला त्याच्या कितीतरी आधी ठाऊक असावं लागतं.

आणि ते शिकवता येतं. मला या सगळ्या विषयातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच वाटते.

(दृश्य : सराव सुरू होण्यापूर्वीचं मैदान)

फुटबॉलमध्ये 'फिफा 11+' नावाचा वॉर्मअप आहे. वेळ वीस मिनिटं, खर्च काही नाही. आधी हलकं धावणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगात धावणं. नॉर्वेमध्ये 2007 च्या हंगामात 13 ते 17 वर्षांच्या सुमारे 1900 मुलींसोबत त्याची पाहणी झाली. काही क्लबांनी हा वॉर्मअप केला, बाकीच्यांनी नेहमीचाच ठेवला. वॉर्मअप करणाऱ्या मुलींमध्ये एकूण दुखापती जवळजवळ एक तृतीयांशानं कमी निघाल्या आणि गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्यावर आल्या.

आपल्यापैकी अनेकांच्या लेखी वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि पाय ताणून वीस मोजणं. पाय ताणण्यात वाईट काही नाही, पण त्यानं उतरायला शिकता येत नाही. त्यासाठी उतरावंच लागतं. चवड्यावर यायचं, लगेच गुडघा आणि कंबर वाकवायची, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

मांडीमागचा स्नायू, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात, त्याचंही तसंच. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे आणि पाठ सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं. 'नॉर्डिक' म्हणून ओळखला जाणारा हा व्यायाम सुरुवातीला इतका जड जातो की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात. पण नियमित करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचं वेगवेगळ्या पाहण्यांत दिसलं आहे.

आता घोटा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता बरीच जास्त असते. सूज उतरली, दुखणं थांबलं, म्हणजे झालं बरं, असं वाटतं. पण लिगामेंटसोबत पाऊल नेमकं कसं पडतंय हे मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावलेली असते. ती परत आणायला एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा सराव लागतो, काही आठवडे, रोज. हा भाग सगळेच टाळतात, कारण तोवर दुखायचं थांबलेलं असतं.

(दृश्य : रिकामी खेळपट्टी)

डोक्याच्या बाबतीत मात्र सरावाचा उपयोग नाही, तिथे थांबणं हाच उपाय. ऑगस्ट 2019, लॉर्ड्स, ॲशेसची दुसरी कसोटी. जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणी झाली, तो बाहेर गेला आणि थोड्या वेळानं पुन्हा फलंदाजीलाही आला. त्रास जाणवला तो दुसऱ्या दिवशी. मग त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. मेंदूला मार लागल्यामुळे बदली खेळाडू मिळण्याची कसोटीतली ती पहिलीच वेळ.

एवढे डॉक्टर सोबत असताना लक्षणं उशिरा दिसू शकतात, तर शाळेच्या मैदानावर कोण पाहणार आहे? डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलं, चक्कर येते म्हणालं, मळमळायला लागलं, तर त्या दिवशी त्यानं पुन्हा खेळायचं नाही. शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा ते पेंगायला लागलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. सामना कितीही महत्त्वाचा असो, कोचनं इथे खेळाडूचं ऐकू नये. खेळाडू "मी ठीक आहे" असंच म्हणणार.

(दृश्य : पुन्हा तेच कोर्ट, काही आठवड्यांनंतर)

आता ही उडी डोळे मिटून ऐका.

पहिल्या दिवशी तिचे पाय फरशीवर धप्पकन आपटत होते. कोचनं तिला गुडघ्याबद्दल फार काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "उतरताना मला आवाज ऐकू येता कामा नये." आवाज कमी करायचा तर गुडघा आणि कंबर वाकवावीच लागते.

ती उडते. उतरते. बुटांचा हलकासा घासल्यासारखा आवाज येतो, तेवढाच.

"उजवा छान. डावीकडे अजून ऐकू येतंय मला. परत."

ती मागे जाते आणि धाव घेते.