फ्लो: वाहता शब्द

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा रंगात आला की नवी मुंबईत एकच चौकशी सुरू होते, 'मोरबे ओव्हरफ्लो झालं का?' खालापूरजवळच्या धावरी नदीवरचं हे धरण आपल्या महापालिकेचं. ते काठोकाठ भरलं की नळाची चिंता मिटते. तर आज या 'फ्लो'विषयी.

सोसायटीच्या सूचनाफलकावर इंग्रजीत हमखास दिसतं, 'टँक हॅज ओव्हरफ्लोन'. पण फ्लोचा भूतकाळ साधासुधा, फ्लोड. म्हणून टाकी 'ओव्हरफ्लोड' होते. 'फ्लोन' हे 'फ्लाय'चं, म्हणजे उडण्याचं रूप. त्या सूचनेचा अर्थ घ्यायचाच तर टाकीवरून कोणीतरी उडून गेलं! आता उलव्याला विमानतळ झालाय, तेव्हा तेही अगदीच अशक्य नाही म्हणा.

फ्लो हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, 'फ्लड'चा सख्खा भाऊ. 'फ्लुइड', 'फ्लुएंट', 'इन्फ्लुएन्स' ही मंडळी मात्र लॅटिनकडून आलेली. चेहरा सारखा, अर्थही वाहण्याचाच, पण घराणं वेगळं.

वाशीच्या खाडीपुलावरून जाताना कधी चिखल उघडा दिसतो, कधी पाणी पार खारफुटीच्या बुंध्यांना भिडलेलं असतं. याला इंग्रजीत 'एब अँड फ्लो' म्हणतात. इथे फ्लो म्हणजे नुसतं वाहणं नव्हे, भरती. शिवाय आपण भरती आधी म्हणतो, ते ओहोटी आधी.

बाजार समितीतला व्यापारी 'कॅश फ्लो अडकलाय' म्हणतो, तेव्हा धंदा तोट्यात आहे असं समजू नका. वहीत नफा असतो, पैसे उधारीत असतात.

आणि आपलं लाडकं, 'फ्लोमध्ये बोलून गेलो'. म्हणजे बोलण्याच्या ओघात जीभ सुटली, भान राहिलं नाही. मानसशास्त्रातला फ्लो याच्या नेमका उलट. मिहाय चिक्सेंटमिहाई या संशोधकाने 1970च्या दशकात हा शब्द तिथे रुजवला. काम आपल्या कौशल्याला पुरेपूर आव्हान देणारं असावं, पण आवाक्यातलं असावं. मग सगळं लक्ष त्यातच लागतं आणि घड्याळाचा विसर पडतो. गवई रागात रमतो ना, तसं. त्यामुळे भर मीटिंगमध्ये साहेबांना नको ते ऐकवून 'सॉरी, फ्लोमध्ये होतो' म्हणणाऱ्याने चिक्सेंटमिहाईंचा दाखला देऊ नये. धन्यवाद.