दारामागे कोण होतं?

(काळं-पांढरं दृश्य. नक्षीकाम केलेलं जाड लाकडी दार. बंद.)

हे दार नीट बघा. खोलीत चार माणसं आहेत आणि चौघांचीही नजर त्या दारावर खिळलीय. पलीकडून काहीतरी रेटतंय. बघता बघता लाकूड फुगतं. छाती भरून श्वास घ्यावा तसं आत येतं, क्षणभर थांबतं आणि मागे जातं. दार काही उघडत नाही. पलीकडे कोण होतं, हे सिनेमा संपला तरी आपल्याला दिसत नाही.

हा १९६३ सालचा 'द हॉन्टिंग'. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९च्या कादंबरीवरचा. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, म्हणजे पुढे दोनच वर्षांनी 'द साउंड ऑफ म्युझिक' हा गाण्यांचा सिनेमा करणारे वाइज. अनेकांना हे ऐकून नवल वाटतं. पण वाइज यांनी दिग्दर्शनाची मुळाक्षरं भुतांच्या सिनेमातच गिरवली होती. १९४४ साली त्यांना पहिल्यांदा दिग्दर्शन करायला दिलं ते व्हॅल ल्यूटन या निर्मात्याने, आणि ल्यूटनचे भयपट अगदी तुटपुंज्या पैशांत व्हायचे. अक्राळविक्राळ भूत उभं करणं परवडायचं नाही. मग भिंतीवर एक सावली पाडायची, अंधारात पाऊल वाजवायचं आणि बाकीचं बघणाऱ्यावर सोपवायचं.

ते दारही तसंच. पातळ थर एकमेकांना चिकटवून बनवलेलं लाकूड, आणि मागे ते जीव खाऊन ढकलणारा एक दांडगा माणूस.

(वाड्याचा लांबलचक बोळ. भिंती किंचित वाकलेल्या.)

या बोळाच्या भिंती थोड्या वाकड्या दिसतायत ना? वाइज यांना खूप रुंद दृश्य टिपणारी भिंग हवी होती. पॅनाव्हिजन कंपनीकडे ३० मिलिमीटरची एक भिंग होती, पण ती अजून तयार झालेली नव्हती. तिच्यातून सरळ रेघा वाकड्या यायच्या. कंपनी द्यायला राजी नव्हती. शेवटी, भिंग सदोष आहे हे आपल्याला माहीत आहे, असं वाइज यांनी लिहून दिलं आणि ती नेली. तो दोषच त्यांना हवा होता. घर वेडंवाकडं आहे असं कुणी बोलून दाखवत नाही, पण आपल्या डोळ्यांना ते सतत टोचत राहतं.

आणि आता तो हाताचा प्रसंग. माझ्या मते भयपटात याहून भेदरवणारं फार थोडं आहे. रात्र आहे. वाड्यात राहायला आलेल्या त्या चौघांतली एलेनॉर अंधारात पडलीय. भिंतीपलीकडून कुणीतरी पुटपुटतंय, मग एक मूल रडायला लागतं. ती शेजारच्या थिओचा, म्हणजे चौघांतल्या दुसऱ्या बाईचा, हात घट्ट धरते. हातावरची पकड आवळत जाते, इतकी की हाडं मोडतील असं वाटतं. ती किंचाळते. दिवा लागतो. थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या पलंगावर. एलेनॉर स्वतःच्या हाताकडे बघते आणि विचारते, मी कुणाचा हात धरला होता?

पडद्यावर फक्त एक बाई, तिचा चेहरा आणि भिंत.

(रंगीत दृश्य. भव्य दिवाणखाना, कोरीव मूर्ती.)

१९९९ साली हीच गोष्ट पुन्हा केली गेली. दिग्दर्शक यान डी बाँट, खर्च सुमारे ८ कोटी डॉलर. वाड्याचे सेट खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारे आहेत. तेवढं श्रेय दिलंच पाहिजे. पण इथे लाकडात कोरलेल्या मुलांचे चेहरे हलतात, पलंगाचे खांब माणसाला जखडतात आणि शेवटी वाड्याचा मालक संगणकाने घडवलेलं प्रचंड भूत होऊन समोर उभा राहतो. एकदा तो दिसला की आपण त्याची उंची मोजायला लागतो. तो खरा वाटतो की खोटा, हे ठरवायला लागतो. भीतीने गोठलेला माणूस असली मोजमापं करत नसतो. त्या मोठ्या बजेटने वाइज यांची अडचण तेवढी दूर केली, आणि एलेनॉरचा तो हात त्या अडचणीतूनच आला होता.

(पाण्यात बुडणारी मोटार.)

मग जुन्याची हुबेहूब नक्कल केली तर? तेही करून झालंय. हिचकॉक यांचा १९६०चा 'सायको' गस व्हॅन सँट यांनी १९९८ साली जवळजवळ दृश्यागणिक पुन्हा चित्रित केला. तीच पटकथा, बर्नार्ड हरमन यांचं तेच व्हायोलिनचं किंचाळणारं संगीत. फरक म्हणावा तर रंग आले, नट बदलले आणि चोरीची रक्कम ४० हजार डॉलरवरून ४ लाखांवर गेली.

दोन्हीकडे, खून झालेल्या बाईचं प्रेत असलेली मोटार दलदलीत बुडताना मधेच अडकते. १९६० सालचा अँथनी पर्किन्स काठावर उभा आहे. काटकुळा, पोरसवदा, तोंडात काहीतरी चघळत. मोटार थांबते आणि त्याचं चघळणंही थांबतं. त्या क्षणी, बुडू दे रे बाबा ती, असं आपल्याला मनापासून वाटतं. एका खुनावर पांघरूण घालायला आपणही हातभार लावतोय, हे ध्यानात येतं आणि अंगावर काटा येतो. १९९८च्या व्हिन्स व्हॉनची अंगकाठीच धिप्पाड आहे. त्याच्याबद्दल तशी माया वाटत नाही. मोटार अडकते, सुटते, बुडते. व्हॅन सँट यांनी हा प्रयोग केला याबद्दल मला आदरच आहे, कारण चौकटी जशाच्या तशा उचलल्या तरी काय हाती लागत नाही, हे त्यांच्यामुळे दिसलं.

(बर्फ. दूरवर एक संशोधन केंद्र.)

आता असा एक रिमेक, ज्याच्यावर माझा जीव आहे. १९५१ साली 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' आला. बर्फात सापडलेला परग्रहावरचा प्राणी आणि त्याच्याशी झुंजणारी माणसं. जॉन कार्पेंटर यांचं या सिनेमावर इतकं प्रेम की त्यांच्या १९७८च्या 'हॅलोवीन'मधली मुलं टीव्हीवर तोच बघत बसलेली दिसतात. तरीही १९८२ साली स्वतः 'द थिंग' करताना त्यांनी जुन्या सिनेमाची नक्कल केली नाही. ते थेट जॉन कॅम्पबेल यांच्या १९३८च्या मूळ कथेकडे गेले. कथेतला प्राणी कुणाचंही रूप घेऊ शकतो. १९५१ साली ते बाजूला पडलं होतं, तिथे दिसतो तो एक उंचापुरा नट.

रूप घेणारा प्राणी आला आणि भीतीची जागाच बदलली. अंटार्क्टिकातल्या त्या तळावर बारा माणसं आहेत आणि कोण माणूस उरलाय, हे कुणालाच माहीत नाही. रॉब बॉटिन या बाविशीतल्या पोराने रबर आणि रसायनांमधून जे प्राणी घडवले, ते अंगावर येतात. वर्षभर राबून तो इतका थकला की त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. पण सगळ्यात ताणलेला प्रसंग साधा आहे. माणसं खुर्च्यांना बांधलेली. काचेच्या छोट्या बशांमध्ये प्रत्येकाचं रक्त. एकजण तार लालबुंद तापवतो आणि एकेका बशीत टेकवतो. रक्त त्या प्राण्याचं असेल तर ते उसळून पळेल. चर्र. हा माणूस. पुढची बशी. चर्र. हाही माणूस. पुढची...

तेव्हा समीक्षकांनी या सिनेमाला झोडपलं आणि तो चाललाही नाही. आज त्याचं नाव आदराने घेतात. २०११ साली याच नावाने त्याची पूर्वकथा आली. तिच्यासाठी कारागिरांनी हाताने प्राणी बनवले होते, पण नंतर बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर संगणकाची चित्रं चढवली गेली. त्या कारागिरांसाठी जीव तुटतो.

(हिरवागार ऊस. वारा.)

आपल्याकडचाही एक रिमेक सांगायचाय. विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' २०१७ साली आला. चार वर्षांनी त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला. पूजा सावंतच्या जागी नुसरत भरुचा आली, उषा नाईक यांच्या जागी मिता वशिष्ठ. उसातलं ते एकटं घर आणि पोटातल्या मुलींचा जीव घेणारी माणसं मात्र तशीच राहिली, आणि म्हणून हिंदीतही ती भीती शाबूत आहे.

रात्रीच्या विजेवर उसाला दारं धरायला गेलेल्या माणसाला ही भीती वेगळी समजावून द्यावी लागत नाही. हातात बॅटरी. पाय चिखलात. डोक्याच्या वर गेलेला ऊस. वारा पडलाय, आणि दोन सरी पलीकडे पाचट वाजतं.