पाच डॉलर आणि आइस्क्रीम

श्रोतेहो, नमस्कार. आज फुगाझी या अमेरिकन रॉक बँडविषयी बोलू या. बँड वॉशिंग्टन डीसीचा, पहिला कार्यक्रम १९८७चा. मॅनेजर नाही, बडी कंपनी नाही. गायक-गिटारवादक इयन मकाय यानं मित्रासोबत १९८०मध्येच डिस्कॉर्ड नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती. रेकॉर्ड तिथूनच निघत. आणि तिकीट? शक्यतो पाच डॉलर. लक्षात ठेवा, पाच डॉलर.

टी-शर्टही विकत नसत. तेव्हा कुणीतरी ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’ असं छापलेले टी-शर्ट विकून पैसे केले! (हल्ली गाणी नंतर बसतात, टी-शर्ट आधी छापून येतात. असो.)

आता माझी आवडती गोष्ट. त्या काळी अशा कार्यक्रमांत पुढची पोरं धक्काबुक्की करायची, लाथा झाडायची. हे लोक वाजवणं मध्येच थांबवत. ढोल बंद, गिटार बंद. दंगेखोराला नीट शब्दांत समजावत. नाहीच ऐकलं, तर पाच डॉलर घातलेलं पाकीट हातात, आणि रस्ता दाखवायचा. पैसे परत, मग तक्रार कसली?

एकदा उघड्यावर कार्यक्रम होता. दोन दांडगट पोरं फार माजली होती. गी पिचोटो, दुसरा गायक, माइकवर आला. म्हणाला, मघाशी तुम्हा दोघांना मी आइस्क्रीमच्या गाडीपाशी पाहिलंय! लहान मुलांसारखे आइस्क्रीम खात होतात, तेव्हा वाटलं, काय गोड पोरं आहेत. आणि आता पहिलवान? आइस्क्रीम खाता तुम्ही, सगळ्यांना कळलंय! पुढे त्यानं जी शिवी जोडली, ती आकाशवाणीवर चालायची नाही. पण ते चित्रण ‘इन्स्ट्रुमेंट’ या माहितीपटात आहे. मी कितीदा पाहिलंय, विचारू नका.

अरे हो, संगीत राहिलंच. पिचोटो सुरुवातीला नुसता गायचा. १९९०च्या ‘रिपीटर’ या अल्बमपासून त्यानंही गिटार घेतली, आणि दोन गिटारींची जुगलबंदी सुरू झाली. १९९५च्या ‘रेड मेडिसिन’मध्ये चाली वाकड्यातिकड्या झाल्या, आणि २००१च्या ‘द आर्ग्युमेंट’मध्ये तर चेलोसुद्धा (व्हायोलिनचा मोठा भाऊ) आला. पण तेच चौघं, तीच कंपनी.

२००२मध्ये लंडनला शेवटचा कार्यक्रम झाला. बँड मोडला असं ते म्हणत नाहीत, थांबलोय म्हणतात. २०११पासून आठशेहून जास्त कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर यायला लागली. किंमत ऐकणाऱ्यानं ठरवायची. त्यांनी सुचवलेला आकडा मात्र, बरोबर ओळखलंत, पाच डॉलर.