माळावरची काळी मुसळी

मृगाच्या सरी पडून गेल्यावर, गवत अजून घोट्याएवढेही वाढलेले नसते तेव्हा, पूर्व विदर्भातील झुडपी जंगलात गुरांच्या वाटेलगतच्या मोकळ्या जागी जमिनीला टेकल्यासारख्या पिवळ्या चांदण्या दिसू लागतात. ही काळी मुसळी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेर्टनर यांनी १७८८ मध्ये तिला कुर्क्युलिगो ऑर्किऑइडिस हे शास्त्रीय नाव दिले. गुराख्यांना ती अर्थातच त्याआधीपासून ठाऊक होती.

फुले नसताना ती सहसा नजरेत भरत नाही, कारण तिची लांब, निमुळती पाने गवतात मिसळून जातात आणि कित्येकदा सिंदीचे नुकतेच उगवलेले रोप समजून माणूस पुढे निघून जातो. पान बोटांत धरून पाहावे. सिंदीचे पान ताठ आणि टोकाशी टोचणारे असते. मुसळीचे पान मऊ असून त्यावरच्या उभ्या चुण्या बोटांना स्पष्ट लागतात.

फुलाला सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर असतात, तर बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या पाठीवर बारीक लव असते. परंतु खरी गंमत फुलाच्या खाली आहे. जो नाजूक, केसाळ देठ आपल्याला दिसतो, तो देठ नसून अंडाशयाचाच वर लांबलेला भाग असतो, आणि प्रत्यक्ष अंडाशय पानांच्या बुडाशी मातीत दडलेले असते. त्यामुळे फळही मातीतच धरते, त्यातले काळे, चकचकीत बी तेथेच पिकते आणि वर फळ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सफेद मुसळीशी तिची गल्लत होते ती केवळ नावामुळे. सफेद मुसळीची फुले पांढरी असून ती उभ्या दांड्यावर येतात, आणि तिच्या मांसल मुळांचा झुपका असतो. काळ्या मुसळीचा कंद एकच, सरळ खाली गेलेला, बाहेरून काळपट आणि आतून पांढरा असतो. उन्हाळ्यात पाने वाळली, तरी याच कंदाच्या माथ्यावरून पुढच्या पावसात नवी पाने फुटतात. म्हणून केवळ खात्री करून घेण्यासाठी तो उपटणे म्हणजे रोपच संपविणे होय. पावसाळ्यात पान आणि फूल एवढ्यावर ओळख निःसंशय पटते. कंदाचा रंग पाहण्याची वेळ येते ती बाजारात, वाळलेली मुसळी विकत घेताना.