किलमार्टिनची दरी: पाच हजार वर्षं चाललेलं बांधकाम

[ड्रोनमधून: हिरवी दरी, चरणाऱ्या मेंढ्या, कुरणात करड्या दगडगोट्यांचे ढीग]

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अर्गाइल नावाचा प्रदेश आहे. ओबान बंदरावरून दक्षिणेला लॉकगिल्पहेडकडे निघालं की वाटेत किलमार्टिन हे छोटंसं गाव लागतं. एक चर्च, एक हॉटेल, एक संग्रहालय आणि थोडी घरं. गाडीतून जाताना डुलकी लागली तर गाव कधी आलं नि कधी गेलं, कळणारही नाही. पण या गावाभोवती दहा किलोमीटरच्या परिघात ८००हून जास्त प्राचीन अवशेषांची नोंद आहे, आणि त्यातले दीडशेच्या आसपास प्रागैतिहासिक आहेत.

कुरणात हे जे दगडांचे ढीग दिसतायत, ते कुणा शेतकऱ्यानं शेत साफ करून रचलेले नाहीत. ही थडगी आहेत. इथे त्यांना ‘केर्न’ म्हणतात. दरीच्या तळाशी पाच केर्न जवळजवळ एका ओळीत आहेत, आणि पाचही एका काळातले नाहीत.

[केर्नचं तोंड, आत जाणारा कॅमेरा]

सगळ्यात जुना हा, नेदर लार्गी साउथ. वय पाच हजार वर्षांहून जास्त. वाकून आत शिरता येतं. उभ्या शिळांच्या भिंती, वर आडव्या शिळांचं छत, आणि जमिनीत रोवलेल्या शिळांनी पाडलेले चार कप्पे. ही नवाश्मयुगातली, म्हणजे पहिल्यावहिल्या शेतकऱ्यांची, सामायिक थडग्याची जागा. पुढे शेकडो वर्षांनी दुसऱ्याच रीतीभातीची माणसं आली. त्यांनी आपली मडकी याच खोलीत ठेवली. नंतर कांस्ययुगात याच ढिगात दगडी पेट्या बसवून आणखी दफनं केली गेली. जुनं मोडून बाजूला सारलं नाही आणि जसंच्या तसं जपलंही नाही. वापरत राहिले, बदलत राहिले. या दरीत पुढे जिथे जिथे जाऊ, तिथे हेच दिसणार आहे.

[नेदर लार्गी नॉर्थ: वरच्या झडपेतून खाली उतरताना]

थोडं उत्तरेला दुसरा केर्न आहे. इथे वरच्या झडपेतून खाली उतरावं लागतं. आत दगडी पेटी, आणि तिच्यावर झाकण म्हणून ठेवलेली मोठी शिळा. टॉर्च तिरका धरला की शिळेवर आकार उमटायला लागतात. आधी चाळीसेक छोटे गोल खळगे, आणि मग त्यांच्यामधून, काही ठिकाणी चक्क त्यांच्यावरून, कोरलेली कुऱ्हाडींची पाती. पसरट, पुढे रुंद होत गेलेली. धातूच्या कुऱ्हाडी. म्हणजे खळगे आधीचे, कुऱ्हाडी नंतरच्या. एकाच शिळेवर दोन काळांचे हात चालले.

कुऱ्हाडीच का? पुष्कळ अभ्यासकांचं मत असं, की आयर्लंडमधून येणारं तांबं आणि कांसं याच दरीतून पुढे स्कॉटलंडच्या ईशान्येला जात असे. ज्यांच्या हाती वाट, त्यांच्या हाती धातू. मला हे पटतं. एवढ्याशा दरीत एवढी थाटाची थडगी उगीच उभी राहत नाहीत.

आणि हो, आपण ज्या खोलीत उभे आहोत, ती प्राचीन नाही. १९३०मध्ये इथे उत्खनन झालं, त्यानंतर केर्न पुन्हा रचला आणि पाहणाऱ्यांसाठी ही खोली बांधली. ‘पाच हजार वर्षांपूर्वीचं’ म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, त्यातलं बरंच काम विसाव्या शतकातल्या गवंड्यांचं असतं.

[टेंपल वुडचं वर्तुळ, मागे उंच झाडं]

टेंपल वुड. शिळांचं वर्तुळ. मूळच्या २२ शिळांपैकी १३ आज उभ्या आहेत. उत्तरेकडच्या एका शिळेजवळ या. खाली, अगदी जमिनीलगत, एक चक्राकार रेघ कोरलेली आहे. ती शिळेच्या कडेला येते आणि कोपरा ओलांडून शेजारच्या बाजूवर जाते, तिथे दुसरं चक्र. बोट फिरवून पाहावंसं वाटतं, पण हात लावायचा नाही. शेजारी आणखी एक वर्तुळ आहे, त्याची सुरुवात लाकडी खांबांनी झाली होती. मोठ्या वर्तुळात पुढे दफनं आली, आणि शेवटी सगळं गोट्यांखाली झाकलं गेलं. आत्ता दिसतं ते १९७०च्या दशकातल्या उत्खननानंतर मांडून ठेवलेलं रूप.

आसपासची झाडं तर एकोणिसाव्या शतकातली, पॉलटॅलॉकच्या जमीनदारांनी लावलेली. हे माल्कम घराणं. यांची श्रीमंती जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमातून आली होती. त्या पैशातून दलदल उपसून शेतं झाली, भिंती आणि रस्ते झाले. भिंती-रस्त्यांना दगड लागतो, आणि दगड केर्नमध्ये आयता होता. १८४८मध्ये जवळच्या अरिकोनन वाडीतल्या कुळांना याच जमीनदारानं उठवायला घेतलं, तेव्हा लोकांनी दंगा केला. त्या वाडीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि त्याही आता ‘अवशेष’ म्हणूनच नोंदल्या जातात.

[अख्नाब्रेक: संध्याकाळ, ओला कातळ]

दरीच्या दक्षिण टोकाला, लॉकगिल्पहेडच्या वरच्या जंगलात, अख्नाब्रेक. भर दुपारी आलात तर नुसता खडक दिसेल. ऊन उतरलं, त्यात खडक ओला असला, की मग बघा. मध्ये एक खळगा, त्याभोवती एकात एक वर्तुळं, आणि मधूनच एक चर बाहेर गेलेली. काही वर्तुळांचा व्यास जवळपास एक मीटर. हे छिन्नीनं नव्हे, दगडानं दगडावर टोचे मारून केलंय. अर्थ काय? नकाशा, तारे, देव, पाऊस, सगळं सांगून झालंय. खात्रीनं सांगणारा भेटला तर नमस्कार करून पुढे निघावं.

[जुनी रेखाचित्रं]

या खुणांचा एक धागा थेट नागपूरपर्यंत येतो. जेम्स यंग सिम्पसन, बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारे एडिंबराचे तेच प्रसिद्ध डॉक्टर, यांनी १८६७मध्ये अशा खळग्या-वर्तुळांवर ग्रंथ छापला. त्याच सुमारास रिवेट-कार्नाक नावाचा मुलकी अधिकारी नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं उकरत होता. तिथल्या धोंड्यांवरही त्याला ओळीनं खळगे दिसले. त्यानं ते सिम्पसनच्या चित्रांशी ताडून पाहिले आणि दोन्हीकडचं साम्य मोठ्या उत्साहानं मांडलं. साम्य डोळ्यांना दिसतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातली, किलमार्टिनहून फार अलीकडची, आणि दोन्हींचा संबंध असल्याचा पुरावा नाही. दगडावर दगड आपटला की खळगा पडतो, हे दोन ठिकाणच्या माणसांना वेगवेगळं सुचू शकतं.

[डनॅड: दलदलीतून वर आलेली खडकाळ टेकडी]

आता किलमार्टिनच्या कांस्ययुगातून एकदम दोन-अडीच हजार वर्षं पुढे येऊ. सपाट दलदल, आणि तिच्यात उभी राहिलेली ही ५४ मीटर उंचीची टेकडी, डनॅड. आयर्लंडशी घट्ट नातं असलेल्या दाल रियाता या गेलिक भाषा बोलणाऱ्यांच्या राज्याचं हे प्रमुख ठाणं. उत्खननात दागिन्यांचे साचे, धातू वितळवायच्या मुशी, फ्रान्सकडून आलेली मडकी आणि हस्तलिखितं रंगवायला लागणारा पिवळा हरताळही मिळाला. दलदलीतल्या टेकडीवर बसलेल्या राजाकडे समुद्रापलीकडचा माल येत होता. ७३६मध्ये उत्तर-पूर्व स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांचा राजा एंगस यानं डनॅड जिंकलं, अशी आयरिश बखरींत नोंद आहे.

माथ्याजवळच्या खडकात एका पावलाचा ठसा कोरलेला आहे. नवा राजा त्यात पाय ठेवून राज्यावर बसत असे, असं मानतात. लोक आजही बूट काढून पाय ठेवून बघतात. ठेवा खुशाल. ती १९७८मध्ये वर बसवलेली प्रतिकृती आहे, खरा ठसा तिच्याखाली सुरक्षित आहे.

[डनक्रेगेग केर्न: अंधार, टॉर्चचा झोत छताकडे वळतो]

सगळं सापडून झालं असं वाटत असेल, तर डनक्रेगेगकडे या. १८६०च्या दशकात उकरलेला, रस्त्याजवळचा केर्न. पुढची दीडशे वर्षं माणसं आत डोकावत राहिली, मोजमापं घेत राहिली. मग एका संध्याकाळी एक पुरातत्त्वप्रेमी टॉर्च घेऊन आत शिरला आणि त्यानं झोत छताच्या शिळेवर, खालून वर, टाकला. तिथे हरणं होती. डोक्यावर भरगच्च शिंगं असलेले दोन नर, आणि सोबत आणखी काही चौपायी जनावरं. २०२१च्या मे महिन्यात शोध जाहीर झाला. वय चार ते पाच हजार वर्षं. स्कॉटलंडमध्ये इतकी जुनी कोरलेली जनावरं त्याआधी मिळालीच नव्हती. खळगे-वर्तुळं हजारोंनी होती, पण जनावर एकही नाही.

[हरणाच्या रेषांवर कॅमेरा थांबतो]

त्रिमितीय स्कॅन करून रेषा पक्क्या केल्या गेल्या आणि जपणुकीसाठी केर्न काही काळ बंद ठेवला. गावातलं संग्रहालय २०२३मध्ये नव्या रूपात पुन्हा उघडलंय, आधी तिथे जा. मग केर्नकडे निघा. सोबत पावसाळी बूट हवेतच, आणि टॉर्च विसरू नका.