सेकंद कोणाच्या खात्यावर?

मित्रहो, १९९७ साली आलेल्या ‘गोल्डनआय ००७’ या व्हिडिओ-खेळाची पहिली पातळी एका धरणावर घडते. सर्वांत सोप्या काठिण्यावर ती ५३ सेकंदांत पार करण्याचा विक्रम तब्बल पंधरा वर्षे टिकला. त्याची बरोबरी करणारे पुष्कळ निघाले, परंतु ५२ हा आकडा कोणालाच दिसेना. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये कार्ल जॉब्स्ट या ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या पडद्यावर तो उमटला.

हा सगळा खटाटोप एका सेकंदासाठी होता, असे म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. पातळी संपल्यावर हा खेळ फक्त पूर्ण सेकंद दाखवतो आणि त्याच्या खेळाडूंनी तोच आकडा अंतिम मानला आहे. त्यामुळे ५३ वर अडकलेल्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या अर्धा सेकंद पुढे असला, तरी यादीत दोघे शेजारीशेजारी बसतात. याच खेळातली आणखी एक गंमत सांगतो. मुरलेला खेळाडू पळताना समोर न पाहता जमिनीकडे पाहतो. दूरचे दृश्य रेखाटताना निन्टेंडो ६४ या यंत्राची दमछाक होते आणि खेळ रेंगाळतो. नजर जमिनीवर ठेवली की यंत्राचे काम हलके होते आणि खेळ भराभर पुढे सरकतो. म्हणजे यंत्राच्या आळसाचा दंड येथे खेळाडूने भरायचा असतो आणि तो कमी कसा करावा हेही त्यानेच शिकायचे असते.

वेळमापनाचा कोणताही नियम मुळात हिशेबाचा नियम असतो, असे माझे म्हणणे आहे. गेलेला सेकंद खेळाडूच्या खात्यावर मांडायचा की यंत्राच्या, हे तो ठरवतो. स्पीडरनिंगमधील, म्हणजे व्हिडिओ-खेळ कमीत कमी वेळात संपवण्याच्या छंदातील, बहुतेक कडाक्याचे वाद वरवर पाहता लबाडीबद्दलचे वाटतात. प्रत्यक्षात ते या खतावणीबद्दलचे असतात.

सर्वांत साधी रीत म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची: सुरुवात झाली की टायमर चालू, शेवट झाला की बंद, मधले सगळे खेळाडूच्या माथी. तिला ‘रिअल टाइम’ म्हणतात. दुसरी रीत खेळाच्या पोटात असलेल्या घड्याळाची, म्हणजे ‘इन-गेम टाइम’ची. ही दुसरी रीत न्याय्य वाटते खरी, पण अनेक खेळांत पॉज केले की आतले घड्याळ थांबते. मग खेळाडू पॉज करून पुढची चाल निवांत ठरवू शकतो, आणि वीस मिनिटांचा रन, म्हणजे वेळ लावून केलेली एक फेरी, पाहायला बसलेल्याला अर्धा तास बसावे लागते. आकडा वेगाचा आणि दृश्य संथपणाचे, असा तो प्रकार होतो.

तिसरी रीत तडजोडीची आहे: रिअल टाइम मोजायचा, पण लोडिंगचा काळ वजा करायचा. ती आली, कारण संगणकावरच्या खेळांत वेगवान डिस्क असलेल्याला आयता लाभ मिळू लागला. मात्र लोडिंग कशाला म्हणायचे? काळ्या पडद्यावर चक्र फिरत असेल तर प्रश्न नाही. परंतु कित्येक खेळ पुढचा भाग वाचून होईपर्यंत खेळाडूला लिफ्टमध्ये उभे करतात किंवा दार सावकाश उघडतात. त्या लिफ्टमध्ये खेळाडू उड्या मारू शकतो, म्हणजे खेळ चालू आहे. पण त्याने काहीही केले तरी लिफ्ट लवकर पोहोचत नाही. असा सेकंद कोणाचा? एकाच मालिकेतील दोन खेळांसाठी याची दोन वेगळी उत्तरे दिली गेली, तरी मला त्यात विसंगती वाटत नाही.

आता ज्या खेळात हा हिशेब सर्वांत बारीक झाला आहे, त्याकडे थोडे थांबून पाहू. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सेकंदाला सुमारे ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रे, या गतीने चालतो. पातळी संपली की पुढच्या पातळीकडे जाण्याची घडी मात्र दर २१ फ्रेमनी, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंदाने, एकदाच येते. रहाटाच्या गाडग्यांसारखे हे आहे. एक गाडगे विहिरीत बुडून वर निघाले आणि तुमचे पाणी त्यात पडायचे राहिले, तर पुढचे गाडगे येईपर्यंत थांबणे आले; तुम्ही एका क्षणाने चुकलात की दहा क्षणांनी, याने फरक पडत नाही. खेळाडू याला ‘फ्रेम रूल’ म्हणतात. याचा परिणाम असा, की एखाद्या पातळीत तुम्ही पाच फ्रेम वाचवल्या तरी हाती शून्य येऊ शकते, आणि आठ फ्रेम वाया घालवूनही नुकसान होत नाही. छोट्या वाटेने जाणाऱ्या रनमध्ये आठच पातळ्या खेळाव्या लागतात. त्यांपैकी पहिल्या सातांना हे गाडगे लागू आहे. आठवी पातळी, म्हणजे ८-४, शेवटी ठेवलेल्या कुऱ्हाडीला स्पर्श होताच संपते, आणि तेथे प्रत्येक फ्रेम रोखीने मोजली जाते. विक्रमाच्या उंबरठ्यावर आलेल्यांचे हात नेमके तेथेच का थरथरतात, हे यावरून कळेल.

याच खेळात एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या नावाने खेळणाऱ्या खेळाडूने ४ मिनिटे ५४.९४८ सेकंदांची नोंद केली आणि ४:५५ ची वेस प्रथमच ओलांडली गेली. आता गंमत पाहा. संगणकाच्या साहाय्याने एकेक फ्रेम रचून तयार केलेल्या रनना ‘टास’ म्हणतात. त्यांच्या संग्रहात याच वाटेचा २०११ चा एक टास ४ मिनिटे ५७.३१ सेकंद या वेळेने नोंदलेला आहे. कागदावर पाहिले तर माणूस यंत्राहून दोन सेकंदांनी वेगवान ठरतो! खुलासा साधा आहे. टासचे घड्याळ यंत्र चालू केल्यापासून धावते, तर माणसाचे पहिल्या पातळीत उरलेल्या वेळेचा ४०० हा आकडा पडद्यावर आल्यावर सुरू होते. शीर्षक-पडद्यावरचा काळ एकाच्या खात्यावर आहे आणि दुसऱ्याच्या नाही. प्रत्यक्ष खेळात मात्र टासच पुढे आहे.

सुरुवातीच्या क्षणाबद्दल मीही एकदा चांगलाच फसलो. मी पाठवलेल्या एका रनचा टायमर मी स्वतःच बटण दाबून सुरू केला होता. पडताळणी करणाऱ्याने व्हिडिओ फ्रेमफ्रेमने मागेपुढे करून पहिली हालचाल शोधली, शेवटची फ्रेम शोधली, मधल्या फ्रेमना सेकंदाच्या तीसने भागले आणि माझी वेळ ०.४ सेकंदाने वाढवून परत पाठवली. दोन दिवस मी फुरंगटून बसलो. मग स्वतः मोजून पाहिले, तर त्याचेच गणित बरोबर होते. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ०.०३३ सेकंद, त्याहून सूक्ष्म फरकावर अशा व्हिडिओच्या आधारे भांडणे व्यर्थ असते, हे त्या दिवशी डोक्यात शिरले.

यंत्राच्या खात्याची हद्द कोठवर न्यायची, हा प्रश्न उपकरणांबाबत आणखी अवघड होतो. निन्टेंडोने २००३ मध्ये चीनमध्ये आयक्यू प्लेअर नावाचे यंत्र आणले. त्यावरील ‘ओकॅरिना ऑफ टाइम’मध्ये संवाद चिनी लिपीत आहेत, अक्षरे थोडी, म्हणून संवाद लवकर संपतात. साहजिकच विक्रमाच्या मागे लागलेले खेळाडू चीनबाहेर सहज न मिळणारे हे यंत्र शोधू लागले. यात मला काही गैर दिसत नाही, पण हे कौशल्य हातांचे की खरेदीचे, असे विचारणाऱ्यांचेही मला पटते. ‘रेसिडेंट एव्हिल २’च्या २०१९ च्या आवृत्तीत सेकंदाला जास्त फ्रेम ठेवल्या की सुरीचा घाव अधिक जबर बसतो, कारण घावाची मोजणी दर फ्रेमला होते. तेथे ६० आणि १२० फ्रेमच्या याद्या वेगळ्या केल्या गेल्या. कीबोर्डवर डावी आणि उजवी कळ एकदम दाबता येते, जुन्या कंट्रोलरच्या अधिक-चिन्हासारख्या बटणावर ती दाबता येत नाही. म्हणून मारिओच्या यादीत या युक्तीला बंदी आहे. हा नियम मला चोख वाटतो, कारण तो कीबोर्डवाल्याला बाहेर काढत नाही, फक्त त्याला आयता मिळालेला लाभ काढून घेतो.

कधी कधी तर खेळ नेमका कोणता, हेच ठरवावे लागते. ‘पेपर मारिओ’च्या खेळाडूंनी अशी युक्ती काढली, की आधी ‘ओकॅरिना’ची कार्ट्रिज (खेळ साठवलेली डबी) लावून यंत्राच्या स्मृतीत हवी ती माहिती पेरायची, मग यंत्र बंद करून, ती स्मृती विरण्याच्या आत, काही क्षणांत कार्ट्रिज बदलायची. पेरलेली माहिती दुसऱ्या खेळाला थेट शेवटाकडे नेते. युक्ती अचाट आहे. तिला वेगळा प्रकार दिला गेला, आणि मला तो निर्णय रास्त वाटतो. दोन खेळ खेळून एकाचा विक्रम मागणाऱ्याला तेवढी अट सोसली पाहिजे.

लबाडीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. तेथेही आकडेच बोलतात. अटारी या जुन्या खेळ-यंत्रावरील ‘ड्रॅगस्टर’मध्ये १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम नोंदलेला होता. २०१७ मध्ये खेळाचा कोड उलगडून पाहिला गेला आणि ५.५७ च्या खाली जाता येत नाही असा निष्कर्ष निघाला. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीज या नोंदणी संस्थेने ती वेळ रद्द केली. ‘माइनक्राफ्ट’मध्ये २०२० साली ड्रीम या प्रसिद्ध खेळाडूच्या रनवर आक्षेप आला, तेव्हा वेळ कोणी तपासली नाही, नशीब तपासले. या खेळात शेवट गाठण्यासाठी सौद्यांतून मोती आणि शत्रूंकडून कांड्या मिळवाव्या लागतात, आणि त्या मिळणे नशिबावर असते. २६२ सौद्यांत त्याला ४२ वेळा मोती मिळाले होते. खेळाच्या नियमांप्रमाणे ते १२ च्या आसपास मिळायला हवे होते. ३०५ शत्रू मारून २११ वेळा कांडी मिळाली, जेथे शक्यता निम्मी होती. पडताळणी करणाऱ्यांच्या हिशेबाने असे घडण्याची शक्यता साडेसात लाख कोटींत एक एवढी होती. बदललेला खेळ वापरला गेल्याचे, मात्र ते नकळत घडल्याचे, त्या खेळाडूने मे २०२१ मध्ये सांगितले.

नियम बदलला की जुन्या नोंदींचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. टायमर आधी कुठे सुरू होत होता आणि आता कुठे होतो, हे व्हिडिओ असेल तर पुन्हा मोजता येते. तो हरवला असेल तर जुना आकडा जसाच्या तसा ठेवावा लागतो. याबाबत १९९३ चा ‘डूम’ नशीबवान निघाला. त्याची ‘डेमो’ फाइल चित्र साठवत नाही. सेकंदाला ३५ वेळा खेळाडूने काय दाबले, एवढेच ती टिपते, आणि खेळात घातली की सगळा रन पुन्हा घडवते. पातळीच्या शेवटी ‘डूम’ही केवळ पूर्ण सेकंद दाखवतो, त्यामुळे नव्वदच्या दशकात दोघांची बरोबरी झाली तर ती तशीच लिहिली गेली. त्यांच्या फाइली कोणी जपून ठेवल्या असतील, तर एका सेकंदाचे ३५ भाग मोजून त्यांच्यातला पुढचा कोण, हे आजही सांगता येते.