काऊन जी?

(दृश्य: गाद्यांनी झाकलेली खिडकी. आतून ड्रमचा दबका आवाज.)

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराची मागची खोली. कूलर बंद ठेवलाय, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरते. चार पोरं घामानं निथळतायत. गाणारा वहीतली ओळ म्हणतो, ‘आधी आडनाव, मग किल्ली.’

भाड्यानं खोली शोधत तो दोन महिने फिरला. नाव सांगून कुणाचंच भागत नव्हतं, आडनाव हवं होतं. गाण्याचं धृपद मात्र दोनच शब्दांचं आहे. ‘काऊन बे?’ म्हणजे नागपुरी बोलीत ‘का रे?’

एवढ्याशा शब्दांना कोण घाबरतं? १९६३ साली अमेरिकेत किंग्जमेन या बँडनं ‘लुई लुई’ रेकॉर्ड केलं. घरच्या ओढीनं झुरणाऱ्या खलाशाचं साधं गाणं. पण गायकाचे उच्चार असे, की शब्दच कळेनात. कळत नाही म्हणजे अश्लीलच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. एफबीआयनं चौकशी लावली, रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगानं फिरवून ऐकली. निष्कर्ष काय, तर शब्द कळत नाहीत! आपल्याकडच्या कुठल्याही फाईलवर शोभेल असा शेरा.

१९७९ मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडनं लंडनच्या एका शाळेतली पोरं गायला बसवली. ‘वी डोन्ट नीड नो एज्युकेशन’ ही शिक्षण नको म्हणणारी इंग्रजी ओळ व्याकरणानंच चुकीची आहे, आणि मुद्दाम आहे. मास्तरांविरुद्धचं गाणं मास्तरांच्या भाषेत कसं म्हणायचं? पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकताना ते उचललं. वर्णद्वेषी सरकारनं गाण्यावर बंदी आणली.

(दृश्य: मारबतीची मिरवणूक. गर्दी, गुलाल, बडगे.)

नागपूरला हे ओरडणं नवीन नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत पुढाऱ्यांची टर उडवणारे पुतळे, म्हणजे बडगे. एक जण महागाईचं नाव घेतो, अख्खा रस्ता ओरडतो, ‘घेऊन जा गे मारबत!’ ओळ तीच, तक्रार दरवर्षी नवी. ड्रमरनं या गाण्याचा ठेका तिथूनच घेतलाय. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ऐकलेला.

(दृश्य: पुन्हा खोली.)

बेस वाजवणारा अडतो. ‘म्हाताऱ्या घरमालकाला बे म्हणशील? दारात तर तू “बरं काका” म्हणून परत आला होता.’

गाणारा गप्प. पेन घेऊन ‘बे’ खोडतो, वर ‘जी’ लिहितो. हळूच म्हणून बघतो, ‘काऊन जी?’

आदरानं विचारल्यावर ते जास्तच झोंबतं. चौघंही हसतात. ड्रमर काड्या आपटतो. एक, दोन, तीन, चार.